चूल आणि वैल : मऊ म्हणजे कच्चे नव्हे

दिवाळी अंकात आणि अंड्याचे नाव! चकलीच्या भाजणीला तांदूळ किती आणि हरभऱ्याची डाळ किती, हे पाहायला या पानावर आलेल्या भगिनी इथूनच पान उलटतील, याची मला कल्पना आहे. त्यांनी खुशाल उलटावे. ज्यांच्या घरात माळ आहे, ज्यांना अंड्याचा वासही सोसत नाही, त्यांना आग्रह करण्यासाठी मी हे लिहायला बसलेली नाही. पुढे खरवसाविषयी चार ओळी आहेत, तेवढ्या मात्र त्यांनी वाचून जाव्यात.

पण ज्यांच्या घरी अंडे चालते आणि ज्यांच्या घरातले एखादे म्हातारे माणूस रोज अर्ध्या ताटावरून उठते, त्यांनी हे पान शेवटपर्यंत वाचावे अशी माझी विनंती आहे. यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ती मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे लिहायला हात मोकळा होईल.

माझे माहेर धुळ्याचे आणि सासर जळगावचे. मध्ये एरंडोल आणि पारोळा. भाऊबीजेला हा रस्ता मी किती वेळा केला असेल, त्याची गणती नाही. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी आत्या, आम्ही तिला फुई म्हणत असू, श्रावण सरता सरता न्हाणीघरात घसरली. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, ती बरीही झाली. पण भाऊबीजेला मी धुळ्याला गेले, भावाला ओवाळून झाले आणि फुईच्या पाया पडायला वाकले, तेव्हा तिने आशीर्वादाला हात वर केला नि तिची बांगडी मनगटावरून सरळ कोपरापर्यंत घसरत गेली. ती घसरलेली बांगडी पाहून मला कसेसेच झाले.

वहिनीचे काही चुकत नव्हते. डॉक्टरांनी सांगितले होते, म्हातारपणी हाड जुळून यायचे, अंगात मांस धरायचे, तर पोटात प्रथिने जायला हवीत. म्हणून वहिनी रोज दोन अंडी उकडून देत होती. आमच्या माहेरी अंड्याचे भांडे वेगळे, ते मागल्या पडवीत असायचे. तिथे ती अंडी तासतासभर खदखदत असत. नवापूरच्या साथीपासून ही सवय लागली होती. नवापूर हे आता नंदुरबार जिल्ह्यात, पण १९९८ पर्यंत तो सारा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता, त्यामुळे तिथली बातमी आमच्याकडे घरचीच. २००६ च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या कोंबड्यांत सापडला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. २०२१ साली तिथे पुन्हा तेच झाले. तेव्हापासून अंडे म्हटले की दगड होईपर्यंत उकळायचे, अशी शिस्त अनेक घरांत बसली. फुईच्या तोंडात दात नव्हते. ती ते रबरासारखे पांढरे तोंडात घोळवी, बलक कोरडा पडून घशात अडके, आणि वहिनीची पाठ वळली की अंडे शेजारच्या पोराच्या हातात जाई.

मी शहाणी. मी म्हटले, ‘‘वहिनी, उकडता कशाला? तालमीतले पहिलवान काय करतात? कोमट दुधात अंडे फोडायचे, साखर घालायची, ढवळायचे, झाले. चावायला नको नि गिळायला त्रास नको.’’ दोन दिवस फुईने ते मुकाट्याने घेतले. तिसऱ्या रात्री उलट्या आणि ताप सुरू झाला. दोन दिवस सलाईन लावावे लागले. अंड्याने झाले की दुधाने, ते शेवटपर्यंत नक्की कळले नाही. पण डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून विचारले, ‘‘ताई, तुम्ही लेख लिहिता ना स्वयंपाकावर?’’ मी मान खाली घातली. ते म्हणाले, ‘‘या वयाला कच्चे अंडे कधी देऊ नका. आणि तो दगडही नको.’’

‘‘मग द्यायचे तरी काय?’’ मी विचारले.

‘‘मऊ शिजवा,’’ एवढे बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले.

मऊ शिजवा! ऐकायला किती सोपे. पण आपल्या मनात मऊ म्हणजे कमी शिजलेले आणि पुरते शिजलेले म्हणजे कडक, असे पक्के बसलेले असते. दोन्ही एकदम कसे साधायचे? उत्तर शोधत मी जळगावला परत आले आणि ते मला सापडले एका फ्रेंच बल्लवाचार्याच्या ग्रंथात. पुढे लक्षात आले की ते उत्तर माझ्या आईच्या खरवसाच्या पातेल्यातही होते, फक्त मी तिकडे पाहिले नव्हते.

आता खरवसाच्या त्या चार ओळी. गाय किंवा म्हैस व्याली की पहिल्या चिकात दूध नि गूळ घालून आपण ते वाफवतो. कसे वाफवतो? चिकाचे भांडे थेट विस्तवावर ठेवत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात चिकाचे भांडे, वर झाकण, आणि खाली मंद आच. आच मोठी झाली तर काय होते, ते प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. खरवसाला जाळी पडते, वडी चिवट होते आणि ताटलीत पाणी सुटते. आच मंद असली तर वडी लुसलुशीत, सुरी फिरवली की तुकतुकीत कापली जाते. चीक तोच, गूळ तोच. फरक फक्त आचेचा. दोन्ही खरवस पुरते शिजलेलेच असतात, पण एक चिवट आणि एक मऊ.

अंड्याचेही नेमके हेच आहे. चीक काय किंवा अंडे काय, उष्णतेने घट्ट होणारी जी वस्तू त्यात असते ती प्रथिने. आपण खानदेशातली माणसे, आपल्याला हे कापसाच्या उदाहरणाने लवकर कळेल. पिंजलेल्या कापसाच्या गादीत हवा खेळत असते, म्हणून ती मऊ. तोच कापूस प्रेसमध्ये घालून गाठ बांधली की लाकडासारखा टणक होतो. अंड्यातली प्रथिने धाग्याच्या गुंड्यांसारखी असतात. हलक्या उष्णतेने त्या गुंड्या उलगडतात, एकमेकींत गुंततात आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवतात. ही झाली गादी. उष्णता फार झाली की जाळे आवळत जाते, पाणी पिळून निघते आणि गाठ बांधली जाते.

हे किती अंशाला होते, त्याचे हिशेब शास्त्रज्ञांनी केलेले आहेत. पांढऱ्या भागात एकच प्रथिन नाही, अनेक आहेत. त्यातले पहिले साधारण ६१-६२ अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागते. सर्वांत मोठा वाटा ज्याचा, ते ८० अंशांच्या आसपास. पिवळा बलक ६५ च्या सुमारास दाट होऊ लागतो आणि ७० ला बसतो. आणि आपण अंडे कशात टाकतो? १०० अंशांच्या खळखळत्या पाण्यात! आतला बलक बसेपर्यंत बाहेरच्या पांढऱ्याची गाठ झालेली असते. वर आणखी अर्धा तास उकळले की बलकाभोवती हिरवट-काळे कडे येते. ते बलकातले लोह आणि पांढऱ्यातले गंधक यांच्या मिलाफाने येते. ते विषारी नसते, पण आपण अंडे गरजेपेक्षा जास्त शिजवले, एवढे ते स्पष्ट सांगते.

फ्रेंच स्वयंपाक्यांना अंशांचे हे गणित ठाऊक नव्हते तेव्हाही हाताला ठाऊक होते. ऑग्युस्त एस्कॉफिए हा त्यांचा थोर बल्लवाचार्य, जन्म १८४६, मृत्यू १९३५. १९०३ साली त्याचा ‘ल गिद क्युलिनेर’ हा ग्रंथ निघाला. पाच हजारांवर पाककृती, आणि त्यात अंड्यांना स्वतंत्र मोठे प्रकरण. अंडी फेटून, लोणी घालून, अगदी मंद आचेवर सतत हलवत साईसारखी दाट करायची, या प्रकाराला ते ‘ब्रुये’ म्हणतात. आपल्या अंडाभुर्जीची ही दूरची बहीण. पण भुर्जी मोठ्या आचेवर दोन मिनिटांत होते, हिला पाव तास लागतो. जुने फ्रेंच स्वयंपाकी हे अंडे थेट विस्तवावर करीतच नसत. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून करीत. या भांड्यातल्या भांड्याला त्यांच्याकडे ‘बॅं-मारी’, म्हणजे मारीचे स्नान, असे नाव आहे. मारी ही प्राचीन काळची, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची, किमया करणारी एक विदुषी, आणि ही युक्ती तिची, अशी परंपरेने सांगतात. मला वाचून हसू आले. खरवस करणाऱ्या आमच्या आया-आज्या म्हणजे त्या मारीबाईच्या मैत्रिणीच म्हणायच्या!

आणि या पानाचे नाव तरी काय आहे? ‘चूल आणि वैल’. नव्या मुलींसाठी सांगते, मातीच्या चुलीला लागूनच एक वैल असे. चुलीची उरलेली धग त्याच्याखालून जाई. भाकरी चुलीवर, आणि दूध आटवायचे, डाळ मुरवायची, आमटी गरम ठेवायची ती वैलावर. गॅस आला आणि वैल गेला. त्याबरोबर मंद आचेचा धीरही आपल्या हातातून गेला.

अलीकडे फ्रान्समध्ये याच्याही पुढची गोष्ट झाली. एर्वे तिस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने स्वयंपाकाच्या शास्त्रावर आयुष्य वेचले. कवचासकट अंडे सुमारे ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे, म्हणजे पांढरे आणि पिवळे दोन्ही लोण्यासारखे मऊ राहतात, हे अंडे त्याच्यामुळे जगभर गाजले. जपानी लोक हेच फार पूर्वीपासून गरम पाण्याच्या झऱ्यांत टोपलीने अंडी सोडून करत आले आहेत. आपल्या चोपडे तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहेच. पण ते देवाचे ठिकाण. तिथे हात जोडावेत, अंड्याची टोपली घेऊन कुणी जाणार नाही आणि जाऊही नये. घरीसुद्धा हा तासाभराचा प्रयोग अंदाजाने करू नका. त्याला पाण्याची उष्णता तंतोतंत राखणारे यंत्र लागते. पाणी जरा थंड राहिले, तर अंडे शिजतही नाही आणि जंतू मरतही नाहीत. उलट कोमट पाण्यात ते वाढतात. मंद आच वेगळी आणि अपुरी आच वेगळी, हे नीट ध्यानात ठेवावे.

आता पोषणाचे पाहू. मध्यम आकाराच्या एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने आणि ७० ते ७५ उष्मांक असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ४५ किलोच्या फुईला किमान ३७ ग्रॅम. दोन अंड्यांत त्याचा तिसरा हिस्सा येतो. शिवाय ‘अ’, ‘ड’ आणि ‘ब-१२’ ही जीवनसत्त्वे अंड्यात असतात, आणि ‘अ’ व ‘ड’ तर सगळी बलकात. म्हणून पांढरे खाऊन पिवळे टाकणे म्हणजे दाणे टाकून कणीस चघळणे.

अंड्यात एक गुण आणखी आहे, तो आपल्या ज्वारीच्या मुलखाला महत्त्वाचा. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो. अंड्यात तो भरपूर असतो, उडदातही चांगला असतो. आपल्या पूर्वजांनी ज्वारीत उडीद दळून कळण्याची भाकरी केली, ती याच अर्थाने शहाणपणाची. भाकरीबरोबर अंडे आले की उणे ते भरून निघते. २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र शासनाने शाळेतल्या मुलांना आठवड्याला एक अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे द्यायचे ठरवले, पुढे २०२५ साली अंड्यासाठीचा निधी बंद झाला. केळे माझ्या जिल्ह्याचे, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण एका केळ्यात प्रथिने एक-सव्वा ग्रॅम. केळे केळ्याच्या जागी आणि अंडे अंड्याच्या. न खाणाऱ्यांनी ती जागा डाळीने, दुधाने, शेंगदाण्याने भरावी.

आता पहिलवानांच्या कच्च्या अंड्याकडे येऊ, कारण माझी चूक तिथलीच. १९९८ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी मोजून पाहिले. शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिने अंगी लागतात, कच्च्या अंड्यातली केवळ ५१ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दोन कच्ची अंडी प्यायली तर त्यातले जवळजवळ एक वाया! शिवाय कच्च्या पांढऱ्यात बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरणारा एक पदार्थ असतो. शिजवल्यावर त्याचा जोर संपतो. आणि साल्मोनेला या जंतूचे भय ते निराळेच. तरण्याबांड गड्याला तो दोन दिवस आडवा करील, पण म्हाताऱ्याला, तान्ह्याला, गरोदर बाईला तो जीवघेणा ठरू शकतो.

मग मंद आचेवरच्या अंड्यात जास्त सत्त्व असते का? असे मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटले तर मानू नये. उकडलेल्या अंड्यात जेवढी प्रथिने, तेवढीच यात. उलट, मंद म्हणजे तासन्‌तास असा अर्थ केला तर नुकसानच. डेन्मार्कच्या संशोधकांना २०१४ साली असे आढळले की, भट्टीत ४० मिनिटे भाजलेल्या अंड्यातले ‘ड’ जीवनसत्त्व अर्ध्याहून अधिक गेले, तर उकडलेल्या किंवा तळलेल्यातले फारसे गेले नाही. आपले काम पाव तासात होते, तेव्हा ती भीती नाही. मंद आचेचा फायदा वेगळाच आहे. ज्याला चावता येत नाही, ज्याच्या घशाखाली उतरत नाही, त्याच्या पोटात ते जाते. ताटात राहिलेल्या सत्त्वाचा उपयोग काय?

आता कृती. दोनच देते, पण नीट करून पाहिलेल्या.

पहिली कृती : मंद आचेवरची अंडी

दोन अंडी एकेक करून आधी वेगळ्या वाटीत फोडावीत, म्हणजे एखादे खराब निघाले तर सगळे वाया जात नाही. त्यात दोन मोठे चमचे दूध आणि चिमूटभर मीठ घालून काट्याने हलके एकजीव करावे. फेस आणू नये. मोठ्या पातेल्यात दोन बोटे पाणी तापत ठेवावे. पाणी सळसळावे, खळखळू नये. गॅस अगदी बारीक करूनही खळखळत असेल, तर पातेल्याखाली जुना तवा ठेवावा. झाला आपला वैल तयार. या पाण्यात जाड बुडाचे लहान भांडे ठेवून त्यात चमचाभर घरचे लोणी वितळू द्यावे आणि अंडी ओतावीत. आता लाकडी पळीने, बूड नि कडा खरवडत, सावकाश हलवत राहायचे. सात-आठ मिनिटे काहीच होत नाही. इथे पुष्कळ जणी कंटाळून गॅस मोठा करतात आणि सगळे बिघडते. दहाव्या मिनिटाच्या सुमाराला बुडाशी बारीक रव्यासारखे कण दिसू लागतात. मग भराभर दाट होते आणि बारा ते पंधरा मिनिटांत घट्ट रबडीसारखे होते. भांड्याची धग अंडे शिजवतच राहते, म्हणून लगेच बाहेर काढून, गार लोण्याचा एक लहान तुकडा घालून ढवळावे आणि दुसऱ्या थाळीत काढावे.

फ्रेंच लोक हे बरेच पातळ असतानाच उतरवतात. निरोगी माणसाच्या ते आवडीवर सोडू. पण म्हातारे, आजारी, गरोदर आणि लहान मूल यांच्यासाठी पातळ अंड्याचा एकही ओघळ दिसेनासा होईपर्यंत हलवत राहावे. तेव्हा त्याची उष्णता सत्तरीच्या पुढे गेलेली असते; साल्मोनेलाही मरतो आणि बर्ड फ्लूचा विषाणूही. नवापूरच्या वेळी नीट शिजवून खा असे जे सांगितले जात होते, त्याचा अर्थ एवढाच होता. दूध आणि लोणी घातल्यामुळे, आणि आच मंद असल्यामुळे, पुरते शिजूनही ते मऊच राहते. विश्वास बसत नसेल तर एकदा करून पाहा.

दुसरी कृती : वाटीतले अंडे

फ्रेंच लोक लहान मातीच्या भांड्यात करतात आणि त्याला ‘अन कोकोत’ म्हणतात. आपली स्टीलची वाटी उत्तम. वाटीला आतून लोणी किंवा तूप लावावे. तळाशी चमचाभर साय, तिच्यावर न फेटता अख्खे अंडे, वर मीठ आणि मिरपूड. ही वाटी पातेल्यातल्या गरम पाण्यात अशी ठेवावी की पाणी वाटीच्या निम्म्यापर्यंत येईल. झाकणाला खालून फडके बांधावे, म्हणजे वाफेचे थेंब अंड्यावर पडत नाहीत. दहा-बारा मिनिटांत पांढरे बसते आणि बलक ओला राहतो. नाजूक प्रकृतीच्या माणसासाठी आणखी पाच मिनिटे ठेवून बलकही बसू द्यावा. लसणाची हिरवी पात बारीक चिरून घातली तर छान लागते. काळा मसाला आवडणाऱ्यांनी सायीत पाव चमचा कालवावा. फ्रान्समधले काही म्हणणार नाहीत!

ज्यांना रश्श्यासाठी उकडलेलीच अंडी हवीत, त्यांनीही एवढे करावे. अंडी पाण्यात घालून उकळी आणावी, गॅस बंद करून झाकण ठेवावे, बारा मिनिटांनी काढून गार पाण्यात टाकावीत. हिरवे कडे येत नाही. आणि ती रश्श्यात अर्धा तास उकळू नयेत, ताट वाढायच्या आधी पाच मिनिटे सोडावीत.

अंडे ताजे हवे, हे सांगायला नकोच; पण आपल्याकडे ते सांगावे लागते. जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात दुकानाबाहेर दिवसभर ठेवलेली अंडी घेऊ नयेत आणि घरी फ्रिजबाहेर ठेवू नयेत. पाण्यात टाकून पाहावे : आडवे पडले तर ताजे, उभे राहिले तर जुने, तरंगले तर टाकून द्यावे. तडकलेले अंडे मंद आचेच्या कृतीला वापरूच नये. गावरान की पांढरे, याचा वाद घालू नये. गावरान आकाराने लहान असते, चवीला काहींना बरे वाटते; पण पोषणात फारसा फरक नाही. केलेला पदार्थ उरवू नये, गरम गरम खावा. एका अंड्याच्या बलकात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. निरोगी माणसाला रोज एक अंडे सहसा बाधत नाही; पण मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर किती अंडी खावीत ते आपल्या डॉक्टरांना विचारावे. माझ्यासारख्या लेख लिहिणारीला विचारू नये.

फुईकडे परत जाते. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास मी पुन्हा धुळ्याला गेले आणि पडवीत बसून पहिली कृती केली. वहिनी दारात उभी राहून बघत होती. माझ्यावरचा तिचा विश्वास उडाला होता आणि त्यात तिची चूक नव्हती. मी फुईसमोर थाळी ठेवली. शेजारी कळण्याच्या भाकरीचा मऊ पापुद्रा. तिने बोटाने चाटून पाहिले आणि म्हणाली, ‘‘हाई काय शे व पोर? हाई ते खरवससारखं लागस!’’

‘‘अंडे आहे, फुई. फ्रान्सचे.’’

‘‘फ्रान्सनं राहो का फागण्यानं,’’ ती म्हणाली, ‘‘माले दात नही, पन जीभ ते शे!’’ आणि तिने थाळी पुसून घेतली. शेजारचे पोर दारात घुटमळत होते, त्या दिवशी त्याला काही मिळाले नाही.

मग वहिनीनेच ते हातात घेतले. एक दिवस थाळीतले, एक दिवस वाटीतले. सोबत डाळीचे पाणी, दूध, आणि डॉक्टरांनी सांगितलेला पायांचा व्यायाम. एकट्या अंड्याने झाले असे मी म्हणणार नाही. पण होळीला गेले तेव्हा फुई काठी टेकत स्वतः दारापर्यंत आली आणि तिने हात वर केला, तेव्हा बांगडी कोपरापर्यंत गेली नाही, मधेच अडली. त्यानंतर तिने तीन दिवाळ्या पाहिल्या. यंदाची भाऊबीज तिच्याशिवायची पहिली.

पडवीतली तिची वाटी वहिनीने मला दिली आहे. ती मी जळगावला आणली आणि परवाच तिच्यात माझ्या सासूबाईंसाठी अंडे केले. त्यांचेही दात आता राहिलेले नाहीत. दिवाळीला घरोघरी लेकी-सुना जमतील, ताटे वाढली जातील. चकली कुणाला चावत नाही, लाडू कोण नुसता कुस्करतो आहे, तिकडे जरा लक्ष ठेवा. त्या माणसासाठी पाव तास बारीक आचेपाशी उभे राहा, आणि पाणी खळखळू देऊ नका.

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो.